जमिनीखालची उष्णता, जमिनीखालची साठवण : सातारा-सांगलीतून या संशोधनात कसं जायचं?

कातळवाट

नमस्कार मंडळी. मागे एका धाग्यावर मी भूऔष्णिक ऊर्जा आणि भूमिगत साठवण यावर संशोधन करते एवढं एकच वाक्य लिहिलं होतं, त्यानंतर जे व्यनि (खासगी निरोप) आले ते जवळजवळ सगळे सातारा-सांगलीकडचेच. कुणाची मुलगी बारावीला, कुणी स्वतः बीएस्सीला, आणि प्रश्न तेच की हे नेमकं काम काय असतं, यात पोट भरतं का आणि आपल्या भागातून तिथवर पोचायचं कसं. एकेकाला लिहिण्यापेक्षा इथे धागाच काढते, जाणकारांनी भर घाला.

माझं गाव वाळवा तालुक्यात. बीएस्सी जिऑलॉजी कराडला, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, पीएचडी खडक आणि पाणी एकमेकांशी काय करतात या विषयावर, आणि त्यानंतरची वर्षं युरोपात, आधी बेसाल्टमध्ये म्हणजे आपल्या काळ्या कातळासारख्या खडकात कार्बन डायऑक्साइड मुरवायच्या कामावर आणि सध्या गरम पाण्याच्या खोल विहिरींच्या मॉडेलिंगवर.

लोकांना वाटतं ही दोन वेगवेगळी क्षेत्रं, एकात खालून उष्णता वर काढायची आणि दुसऱ्यात वरचं काहीतरी खाली ठेवायचं. पण रोजचं काम बघितलं तर प्रश्न तेच असतात. भेगांमधून द्रव किती वाहतो, कुठल्या दाबाने वाहतो, वाटेत खडक विरघळवतो का नवीन खनिज बसवून वाट बंद करतो, आणि त्या दाबाने एखादी जुनी भेग सरकेल का. हे ज्याला सांगता येतं त्याला उष्णतेच्या विहिरीवर काम मिळतं, तेल साठवायच्या गुहांवर मिळतं, कार्बन साठवणुकीत मिळतं, हायड्रोजन साठवण्यातही मिळेल. म्हणून कुणी विचारलं की जिओथर्मलचा कोर्स कुठे आहे तर मी सांगते कोर्सचं नाव बघू नका, जिऑलॉजी किंवा फिजिक्स घट्ट करा, गणित सोडू नका, थोडं प्रोग्रॅमिंग शिका.

क्षेत्र तसं जुनं आहे. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले तिथून वीजनिर्मितीची सुरुवात धरतात. आइसलँडमध्ये आज दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर उबदार राहतात. आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने म्हणजे जीएसआयने ३८१ गरम पाण्याचे झरे नोंदवलेत आणि देशाची क्षमता अंदाजे १०,६०० मेगावॅट धरली जाते. हा आकडा पेपरात वाचून लोक खूप खूश होतात, पण तो अंदाज आहे, तेवढ्या विहिरी खोदून मोजलेला नाही. प्रत्यक्षात तेलंगणात मणुगुरूजवळ सिंगरेणी या कोळसा कंपनीचा २० किलोवॅटचा छोटा प्रकल्प, आणि लडाखला पुगा खोऱ्यात ओएनजीसीचं काम, २०२१ मध्ये करार झाला, उंची ४,००० मीटरच्या वर त्यामुळे ड्रिलिंग फार अवघड. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण आलं, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत माणसं लागणार हे नक्की.

विचारा काय विचारायचं ते.

मृण्मयी_आष्टा

ताई खूप खूप धन्यवाद!! मी एसवायला आहे, जिऑलॉजी घेतलंय. घरी सगळे म्हणतात की यात फक्त दगड बघत बसायचं आणि शेवटी बीएड करायचं. ताई आपल्या सांगली जिल्ह्यात गरम पाणी का नाही ओ? आम्ही सहलीला तुरळ-राजवाडीला गेलो होतो, संगमेश्वरजवळ, तिथे कुंडात हात घालवत नव्हता. मग घाट चढून इकडे आलं की एकदम काहीच नाही असं का?

कातळवाट

मृण्मयी, छान प्रश्न. कोकणात सगळी कुंडं एका रांगेत आहेत बघ, वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली पालीजवळचं उन्हेरे, महाडचं सव, दापोली-खेडकडचं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर जमिनीत मोठ्या भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यातून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर येतं, थंड व्हायला वेळच मिळत नाही. ज्वालामुखीचा यात संबंध नाही, आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला.

घाटावर पण खाली उष्णता आहेच, फक्त तिला वर आणणारी वाट नाही. खोलीबरोबर तापमान सगळीकडेच वाढतं. कोयना भागात शास्त्रज्ञांच्या अंदाजाने सहा किलोमीटरवर १३० ते १५० अंश असावं. म्हणजे वीज करायची तर तेवढं खोल जायला हवं आणि तिथे पाणी फिरवायला भेगाही हव्यात.

कोकणच्या कुंडावर वीज का करत नाही हेही बरेच जण विचारतात. ६० अंशाचं पाणी आणि बाहेर ३० अंशाची हवा असेल तर निसर्गनियमानेच कमाल ९ टक्के उष्णतेची वीज होऊ शकते, प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळणं कठीण. ते पाणी वाळवण, प्रक्रिया, अंघोळ अशा थेट उष्णतेच्या कामालाच बरं.

बेदाणा

वाळवण म्हणालात म्हणून विचारतो. माझे तासगाव तालुक्यात बेदाण्याचे शेड आहे. द्राक्ष बुडवून जाळीवर टाकले की बारा-पंधरा दिवस लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आला की रंग गेला, रंग गेला की दर गेला. जमिनीतली उष्णता वापरून बंद खोलीत वाळवता येईल का, आणि एक प्रश्न असा की बेदाणा नंतर कोल्ड स्टोरेजला ठेवतो तिथे लाइटबिल लई येतंय, त्यात काही होईल का. कंपनीवाले येऊन कायपण सांगतात म्हणून तुम्हाला विचारतो.

कातळवाट

बेदाणा दादा, तुमचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हीचं उत्तर वेगळं आहे.

वाळवणासाठी जमिनीत बोअर घेऊन हीट पंप (एकीकडची उष्णता खेचून दुसरीकडे टाकणारं यंत्र) लावा असं कुणी सांगितलं तर पैसे घालू नका. आपल्याकडे शंभर-दीडशे मीटरपर्यंत जमीन २७ ते ३० अंशाच्या आसपास असते. मार्चच्या दुपारी तुमची हवाच ३५-३६ अंशाला असते. हवाच जास्त गरम असताना उष्णता घ्यायला जमिनीत कशाला जायचं? युरोपात हे चालतं कारण तिथे थंडीत हवा शून्याच्या खाली आणि जमीन दहा अंशावर. वाळवणासाठी हवेवरचा हीट पंप किंवा सोलर ड्रायर, आणि ढगाळ दिवसांसाठी मागे दुसरी काहीतरी सोय, एवढं पुरे.

कोल्ड स्टोरेजमध्ये मात्र उलटं आहे. तिथे तुम्हाला आतली उष्णता बाहेर टाकायची असते आणि ४० अंशाच्या हवेत टाकण्यापेक्षा २८ अंशाच्या जमिनीत टाकणं सोपं, कॉम्प्रेसरला ताण कमी पडतो. पण तुमच्या स्टोरेजला पाणी उडवणारा कंडेन्सर असेल, बहुतेक मोठ्यांना असतो, तर कोरड्या उन्हाळ्यात तो जमिनीपेक्षाही थंड काम करतो, मग बोअरचा फायदा राहत नाही. जिथे पाणीच नाही, जत-आटपाडीकडे, तिथे विचार करण्यासारखं आहे. त्यातही एक मोठी अडचण आहे जी विकणारे सांगत नाहीत. तुम्ही बारा महिने जमिनीत उष्णता टाकणार, परत काढणार कधीच नाही. काळा खडक उष्णता सावकाश वाहून नेतो, काही वर्षांत बोअरभोवतालची जमीनच तापते आणि मशीन मंदावतं. नेदरलँडमध्ये अशा हजारो इमारती आहेत पण ते उन्हाळ्यात टाकलेली उष्णता हिवाळ्यात परत काढून घर तापवतात, हिशोब फिटतो. तुमच्याकडे हिशोब फिटायला टाकलेली उष्णता कुठेतरी वापरली पाहिजे. म्हणून आधी भिंतींचं इन्सुलेशन आणि दाराची गळती बघा, तिथे पहिला पैसा.

बेदाणा

ताई पहिल्यांदा कुणीतरी नको म्हणून सांगितलं. मनापासून आभार.

हरिपूरकर

भूमिगत साठवण हा शब्द वाचला आणि लिहावंसं वाटलं. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खड्डा, वर तोंड लहान आणि आत घेर मोठा, आतून कडब्याचा-चटईचा थर, हळद भरली की तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे. २००५ च्या महापुरानंतर बरीच पेवं गेली, पाणी आत गेलं की संपलं. पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू देत नसत, आधी काही वेळ उघडं ठेवायचे आणि कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचे. वडील सांगायचे की आत गॅस असतो. तो कुठला गॅस? हळदीचा का मातीचा?

कातळवाट

हरिपूरकर काका, हे वाचून फार आनंद झाला. तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. साठवलेला माल, त्यातले किडे-जिवाणू सगळे श्वास घेतात, ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. हवेपेक्षा जड म्हणून तळाला बसतो. म्हणून कीड मरते आणि म्हणूनच माणूसही गुदमरतो. कंदील सोडायची पद्धत म्हणजे मॉनिटरिंगच आहे.

आणि बघा, जे पेवाला लागतं तेच आम्हाला दोन किलोमीटर खाली लागतं. न झिरपणारी माती, घट्ट झाकण, पाण्याची पातळी माहीत असणं, आणि उघडायच्या आधी तपासणी. नॉर्वेत स्लाइपनर म्हणून समुद्राखालच्या वाळूच्या खडकात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड साठवतायत, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास, वर शेलचं म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचं जाड झाकण. अमेरिकेत इलिनॉयमध्ये डिकेटरला इथेनॉलच्या कारखान्यातला वायू दोन किलोमीटर खाली सोडला, तिथे २०२४ मध्ये मॉनिटरिंगच्या एका विहिरीत गळती सापडली आणि इंजेक्शन थांबवलं गेलं. म्हणजे झाकण चांगलं असलं तरी आपण पाडलेलं भोक हीच बहुतेक वेळा कच्ची जागा असते.

पोफळी

मी कोयना प्रकल्पावर नोकरी केली, आता निवृत्त. भूमिगत म्हटलं की लोक तेल-गॅस म्हणतात पण आपलं पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे हे नवीन पिढीला माहितीच नाही. १९९९ ला आणि २०१२ ला धरणाच्या तळातून लेक टॅपिंग केलं, पाणी न उतरवता खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक उडवला, तेव्हा देशभरातून लोक बघायला आले होते. तर मुद्दा असा की रॉक मेकॅनिक्स म्हणजे खडकांच्या ताकदीचं शास्त्र हा विषय मुलांनी धरावा. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला कच्च्या तेलाच्या ज्या गुहा आहेत, एकूण ५३ लाख टनांच्या वर, त्यात पोलादी टाकी नाही, नुसता खडक. तेल बाहेर का येत नाही? कारण भोवतीच्या खडकात पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त ठेवतात, पाणी आत झिरपतं पण तेल बाहेर जात नाही. वरून वेगळ्या बोअरमधून पाणी सोडून हा पडदा राखावा लागतो. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिलच्या पोरांनीसुद्धा हे करावं, फक्त जिऑलॉजीवाल्यांचं नाही हे.

कातळवाट

+१ पोफळी काका. माझ्या सध्याच्या टीममध्ये निम्मे लोक सिव्हिल आणि मेकॅनिकलचे आहेत.

पाटणचे_आबा

मी म्हातारा माणूस, नातवाकडून टाइप करून घेतोय. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढं. मी शाळेत होतो तवा. आमचं घर पडलं, शेजारची माणसं गेली. तवापास्नं आमी भुईचा आवाज आला की बाहेर पळतोय, आजबी. तुमी शिकलेली माणसं, चांगलं काम करताय, पर मला एकच सांगा. जमिनीत पाणी घालायचं, वायू घालायचा, भोक पाडायचं म्हंता. आमच्या पायाखाली हे करणार का? धरणाच्या पाण्यानं भुई हालली असं तुमचेच शास्त्रज्ञ म्हंत्यात.

कातळवाट

आबा, नमस्कार करते तुम्हाला. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात, त्यामुळे सविस्तर लिहिते.

होय, धरणाच्या पाण्याचा संबंध आहे, आणि जगभरच्या पुस्तकांत त्याचं पहिलं उदाहरण कोयना हेच असतं. १९६२ ला पाणी अडवायला लागले आणि धक्के सुरू झाले, १९६७ ला ६.३ रिश्टरचा मोठा. पाण्याने भूकंप तयार केला असं नाही. तिथल्या खडकात ताण आधीपासूनच साठलेला होता, अगदी सुटायच्या बेतात, आणि भेगांत पाण्याचा दाब थोडा वाढला तेवढं निमित्त पुरलं. पुढे वारणेचं धरण भरल्यावर १९९३ पासून धक्क्यांचा पट्टा दक्षिणेला चांदोलीकडे पण सरकला.

हे नीट समजून घ्यायला कराडजवळ हजारमाचीला केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी. त्यांनी आधी दीड किलोमीटरच्या आसपासच्या बऱ्याच विहिरी घेतल्या आणि २०१७ ला गोठण्याला तीन किलोमीटर खोल पायलट बोअर पूर्ण केलं. तिथे काळा कातळ साधारण सव्वा किलोमीटरला संपतो आणि खाली एकदम अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागतो, मध्ये वाळूचा-मातीचा थरच नाही. आणि तीन किलोमीटरपर्यंत पावसाचं मुरलेलं पाणी सापडलं. ही विहीर काही घालण्यासाठी नाही आबा, ताण, पाणी, तापमान मोजायला आहे.

आता तुमचा प्रश्न. स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराखाली २००६ ला गरम खडकात दाबाने पाणी सोडलं, ३.४ चा धक्का बसला, प्रकल्प कायमचा बंद झाला. दक्षिण कोरियात पोहांगला तर नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ चा भूकंप झाला, माणसं जखमी झाली, हजारो घरांचं नुकसान, आणि सरकारी समितीने २०१९ ला सांगितलं की भूऔष्णिक विहिरीत सोडलेल्या पाण्यानेच तो सुरू झाला. तिथे खाली जी मोठी भेग होती ती कुणी आधी ओळखलेली नव्हती. म्हणून माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. कोयना-वारणेच्या त्या पट्ट्यात दाबाने काहीही सोडू नये, ना पाणी ना वायू. माझ्याकडे असा प्रस्ताव रिव्ह्यूला आला तर मी नाहीच म्हणेन. आणि असं नाही म्हणता येण्यासाठी जो पुरावा लागतो तो आपल्याच मुलांनी मोजलेला असावा असं मला फार वाटतं.

पाटणचे_आबा

बरं वाटलं पोरी. हजारमाचीचं माहीत होतं, काय चालतं ते आज कळलं. सुखी रहा.

सह्याद्रीवारा

चर्चा उत्तम पण एक शंका. आपल्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याला पवनचक्क्या आहेत, सोलर एवढं स्वस्त झालंय, मग पाच-सहा किलोमीटर भोक पाडून १५० अंश मिळवून वीज करायला परवडणार कसं? पोराबाळांनी आयुष्य या विषयात घालावं का?

कातळवाट

सह्याद्रीवारा, महाराष्ट्रात जिओथर्मल वीज सोलरशी स्पर्धा करेल असं मी म्हणणार नाही, निदान आत्ता नाही. लडाख, हिमाचल हे वेगळं, तिथे थंडी आहे, डिझेल वर न्यावं लागतं, तिथे उष्णता आणि वीज दोन्हीला किंमत आहे. अमेरिकेत आता शेलगॅसचं आडवं ड्रिलिंग वापरून गरम खडकात विहिरी घेतायत, नेवाडात २०२३ ला साडेतीन मेगावॅटची चाचणी यशस्वी झाली, ते स्वस्त होत जाईल तसं चित्र बदलेल.

आपल्या भागाचा खरा विषय माझ्या मते साठवण आहे, आणि तोही बेसाल्टमधला. आइसलँडला कार्बफिक्स प्रकल्पात पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला, २०१६ ला निष्कर्ष छापले, ९५ टक्क्यांच्या वर वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. बेसाल्टमधलं कॅल्शियम त्याला पकडतं आणि कॅल्साइट बनतं. आपल्याकडे विहीर खोदताना पांढरे स्फटिक, झिओलाइट निघतात ना, खडकाच्या पोकळ्या निसर्गानेच तशा भरल्यात. दख्खनचा हा कातळ आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. आणि आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आंबवण्यातून जो वायू येतो तो जवळजवळ शुद्ध असतो, एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो. चिमणीच्या धुरातून वेगळा करायचा सगळा खर्चच वाचतो.

पण इथेच अडचण येते. समजा दिवसाला ६०,००० लिटरची डिस्टिलरी आहे. ४५ टन वायू झाला. कार्बफिक्सच्या पद्धतीत टनाला साधारण २५ टन पाणी लागतं, म्हणजे रोज अकरा लाख लिटरच्या वर. माणशी ५५ लिटर धरलं तर वीस हजार लोकांचं पाणी! खालचंच पाणी वर काढून त्यातच वायू विरघळवून परत सोडता येतं, खारं पाणी वापरायचेही प्रयोग चालू आहेत, तरी प्रश्न राहतोच, कारण याच कातळातल्या भेगांतून गावं पाणी पितात. वरचे प्यायचे थर आणि खालचे साठवणीचे थर खरोखर वेगळे आहेत का? दोन कातळथरांमधला लाल गेरूचा थर पाणी अडवतो का कुठे कुठे फुटलाय? माझ्यासाठी हा आयुष्य घालण्यासारखा प्रश्न आहे. याचं उत्तर आइसलँडचा माणूस देऊ शकत नाही, कारण त्यांचा बेसाल्ट तरुण आणि सच्छिद्र, आपला जुना, पोकळ्या बऱ्याच भरलेल्या. ते इथेच मोजावं लागणार.

सुनिता_कराड

कातळवाट, मी मुलीची आई म्हणून विचारते, राग मानू नका. हे सगळं ऐकायला छान आहे पण पीएचडी म्हणजे वयाची अठ्ठावीस-तीस, तोवर पगार काय, लग्नाचं काय, नोकरी कायम का कॉन्ट्रॅक्ट? आमच्याकडे घरची परिस्थिती मध्यम आहे. नातेवाईक म्हणतात फार्मसी करा, दोन वर्षांत मेडिकल टाकता येतं.

कातळवाट

सुनिताताई, राग कसला, माझ्या आईने हेच विचारलं होतं.

पैशाचं आधी. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि नंतरच्या वर्षांत ४२,०००, वर घरभाडं, म्हणजे पीएचडीत घरून पैसे मागवावे लागत नाहीत, मात्र फेलोशिप कधी कधी महिनोन् महिने उशिरा येते हे धरून चाला, थोडी शिल्लक लागते. नॉर्वे, नेदरलँडसारख्या ठिकाणी पीएचडी ही पगारी नोकरीच असते, फी नसते, जागा जाहिरातीने निघतात आणि अर्जात मार्कांपेक्षा तुमच्या एमएस्सीच्या प्रबंधाकडे बघतात. त्यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका.

कायम नोकरीचा प्रश्न खरा आहे. पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांचे करार, एकामागून एक, देश बदलत. मी त्यातून गेलेय, घर मांडायचं आणि मोडायचं, गावाकडे कुणी आजारी पडलं की जीव टांगणीला. हे मुलीला आधीच सांगा, लपवू नका. पण मधे उतरायची स्टेशनं बरीच आहेत. एमएस्सीनंतर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा दिली तर जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक किंवा केंद्रीय भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट, दोन्ही क्लास वन. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, पुण्याला मुख्यालय. ओएनजीसीसारख्या कंपन्याही घेतात, कधी गेटच्या मार्कांवर तर कधी स्वतःच्या परीक्षेने, जाहिरात बघत राहा. भूभौतिकीवर काम करणारं हैदराबादचं एनजीआरआय, खडकांच्या ताकदीवर काम करणाऱ्या बंगळूरच्या एनआयआरएमसारख्या संस्था आहेत, गांधीनगरला पीडीईयू विद्यापीठात जिओथर्मलचं स्वतंत्र केंद्र आहे, आयआयटी मुंबईत कार्बन साठवणुकीचं राष्ट्रीय केंद्र आहे. म्हणजे संशोधन जमलं नाही तरी शिक्षण वाया जात नाही.

फील्डवर बायका कमी, हेही खरं. ड्रिलिंगच्या साइटवर सुरुवातीला मला स्वच्छतागृह कुठे हे विचारायला लाज वाटायची, आता मी साइटवर जायच्या आधी तेच पहिलं विचारते आणि बरोबरच्या मुलींनाही विचारायला लावते. लग्नाचं मी काय सांगू, पण मुलीच्या कामाचा अर्थ समजून घेणारं घर मिळालं तर दोन्ही होतं, माझं झालंय.

सुनिता_कराड

मनमोकळं लिहिलंत, आभारी आहे. यूपीएससीचा रस्ता आम्हाला माहीतच नव्हता. आज तिच्या बाबांना वाचून दाखवते.

भूगोलप्रेमी_मिरज

वाचनखूण साठवली. या विषयावर लेखमालाच लिहा ताई.

मृण्मयी_आष्टा

ताई मी ठरवलंय जॅम द्यायची. पण आमच्या कॉलेजला टीवायला छोटा प्रोजेक्ट असतो, सर म्हणतात दगडांचे नमुने गोळा करून आण. मला वेगळं काहीतरी करायचंय, तुम्ही जे करता त्याच्या जवळचं. आमच्याकडे मशीन वगैरे काही नाही, गावात बंद पडलेल्या बोअर मात्र ढीगभर आहेत.

कातळवाट

मृण्मयी, बंद बोअर म्हणजे खजिना आहे. त्यांचं तापमान मोज.

ज्या बोअरची मोटर काढलेली आहे आणि जवळपास उपसा चालू नाही अशी निवड, मालकाला विचारून, आणि कधीच एकटी जाऊ नको. जलरोधक तापमान सेन्सर लांब केबलवर मिळतो, फार महाग नाही, केबलवर दर पाच मीटरला खूण कर. आधी पाण्याची पातळी मोज, मग सेन्सर हळूहळू खाली सोड, भराभर सोडलास तर पाणी ढवळतं. प्रत्येक खुणेला आकडा स्थिर होईपर्यंत थांब आणि खाली जातानाच नोंद कर, वर काढताना नाही. घरी सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते आधी तपास.

आलेख काढलास की वरचे वीसेक मीटर ऋतूप्रमाणे वाकडेतिकडे दिसतील, ते सोड. खाली शंभर मीटरला दोन-अडीच अंश असं सरळ वाढत गेलं तर उष्णता नुसती खडकातून येतेय. मध्येच रेघ सपाट झाली किंवा एकदम उडी मारली तर त्या खोलीवर पाणी आत येतंय किंवा बाहेर जातंय, म्हणजे तिथे भेग आहे. बोअर पाडणाऱ्याला विचारून बघ की त्या खोलीला पाणी लागलं होतं का, लाल माती निघाली होती का. मग भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांशी ताडून बघ, ते वर्षातून चार वेळा मोजतात. चार-पाच बोअर नीट केल्यास तरी एमएस्सीच्या मुलाखतीत तुझ्याकडे बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.

मे अखेरीला एकदा मोज आणि त्याच बोअर ऑक्टोबरमध्ये परत. आकडे कच्चेच इथे टाक, सुशोभित करू नको, आपण सगळे मिळून बघू. पोफळी काका, केबल खाली सोडायची छोटी चरखी कशी करावी ते तिला सांगाल का?

पोफळी

सांगतो की. मृण्मयी, सायकलचं जुनं चाक आणि रिम मिळते का बघ, त्यावर केबल गुंडाळता येते आणि परीघ माहीत असला की फेऱ्या मोजून खोलीही कळते. मापं आणि स्केच उद्या टाकतो.